तळ दिसेपर्यंत

आमच्या घरमालकांना पाणी द्यायला लोक घाबरायचे. ग्लास हातात घेतला की ते आधी वास घ्यायचे आणि मग विचारायचे, "कवाचं भरलेलं?" लग्नात, बारशाला, बँकेत, एकदा तर मयताच्या घरी! त्या घरातली सून रडत रडतच म्हणाली, "सकाळचंच हाय काका." तेव्हा कुठे प्यायले.

मी तेव्हा भिसेगावात त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायचे. नोकरी कुंभिवलीजवळच्या एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये. दिवसभर डब्यातला रंग तपासायचा, संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून अर्धमेलं होऊन यायचं. आणि गेटमधून आत शिरते न शिरते तोच पायरीवर काका बसलेले, हातात काचेचा ग्लास, ग्लासात हिरवट पाणी.

"ए केमिकल, बघ गं. काय झालंय याला?"

माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. केमिकल म्हणजे मी. मी रंगवाली आहे, पाण्यातलं मला काही कळत नाही, हे त्यांना लाख वेळा सांगून झालं होतं. ते म्हणायचे, "रंगच तर बिघडलाय त्याचा."

पण थांबा, मी भलतीकडूनच सुरू केलं. आधी काका कोण ते सांगते.

काकांनी जन्मभर गावाला पाणी सोडलं. म्हणजे तेच काम. पहाटे उठायचं, रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालचे व्हॉल्व्ह चावीने फिरवायचे, या आळीचं बंद, त्या आळीचं चालू. ही चावी म्हणजे खिशातली नव्हे, कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. रिटायर झाले तरी चावी घरीच. काठी म्हणून तीच घेऊन फिरायचे. लांबून टक टक आवाज आला की आळीतली माणसं म्हणायची, पाणीवाले आले.

सवयी तर विचारूच नका. पाइपाला कान लावून बसायचे. मी वर आंघोळ करत असले की खालून हाक, "दुसरी बादली झाली गं! बास!" मला इतकी लाज वाटायची. काकू सांगायच्या, "झोपंत माझा दंड पिरगाळतात, चावी समजून. पहाटंपहाटं मला चालू करतात, मंग बंद करायचं इसरतात." लोकांचे फोन रिटायर झाल्यावरही यायचे, काका आज पाणी नाही आलं, आणि काका अगदी शांतपणे सांगायचे, "सोडलंय. पोचंल." आता सोडणारा दुसराच माणूस होता आणि काकांचं त्याच्याशी बोलणंही नव्हतं.

त्यांचा सगळ्यात मोठा सिद्धांत म्हणजे शिळं पाणी. नळाला पाणी आलं की कालचा हंडा ओतायचा, घासायचा, ताजं भरायचं. हे आपल्याकडे सगळ्याच घरांत चालायचं म्हणा, माझी आईपण करायची. पण काका ते टाकीला, कूलरला, फुलदाणीलाही लावायचे. "वाहतंय तवर पानी. थांबलं का सांडपानी," असं म्हणायचे. आता अशा माणसाने घरात स्विमिंग पूल बांधावा का? बांधला!

कारण काकू. मी राहायला जायच्या थोडं आधी काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तोंड लगेच सरळ झालं. ("त्येच व्हायला नको होतं," काका.) हात बराच आला, पण डावा पाय येईना. फरफटत यायचा. कर्जतला व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या म्हणाल्या, काकूंना छातीइतक्या पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचं वजन लागत नाही, पाय लवकर शिकतो. आणि हेही म्हणाल्या की आता पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं खरं, पुढे अवघड होत जातं. अशी सोय कुठे आहे विचारलं तर मुंबईतल्या कुठल्याशा हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

"पान्यासाठी मुंबई?" काका उठलेच तिथून. "पानी मी देतो."

घराच्या मागे भाताच्या खाचरांना लागून भाजीचा तुकडा होता, तिथे खड्डा. बांधणारा गवंडी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधणारा, त्यामुळे पूल हा टाकीसारखाच झाला, लांबट, अरुंद, एका बाजूला पायऱ्या, कडेने स्टीलचा कठडा. फरश्या कुणाच्या तरी बाथरूमच्या उरलेल्या, निम्म्या निळ्या, निम्म्या गुलाबी. वाळूचा फिल्टर आणि मोटर एका बंगलेवाल्याने काढून टाकलेली. आळीत विनोद सुरू झाले. शेजारचे म्हणायचे, "पाणीवाले, म्हस कवा आणताय डुंबायला?" काकू खुर्चीतून म्हणायच्या, "आनली की कवाच. मीच ती."

पहिल्यांदा काकू पाण्यात उतरल्या तेव्हा आधाराला मी होते. काका पाण्यात नाही उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि गंमत म्हणजे इतकं पाणी सोडणारा माणूस, पण कमरेच्या वर पाण्यात कधी गेलाच नव्हता. ते कडेने चावी टेकत चालत होते. काकूंनी गाऊन गुडघ्यापाशी ओढणीने बांधला होता. मी त्यांचा दंड धरलेला. एक पाऊल. उजवं. मग नुसत्याच उभ्या राहिल्या. खाली बघत. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांची जोडवी दिसत होती.

आणि डावा पाय निघाला. हळूच, तरंगत, पुढे येऊन गुलाबी फरशीवर टेकला.

"अवो," काकू एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "पाय आला."

काका वळून पंपाकडे गेले आणि उगाच कसलातरी नट आवळत बसले.

मग रोजचंच झालं. मी कंपनीतून यायचे, अंग नुसतं भरून आलेलं असायचं, वाटायचं आता पडावं, पण काकू गाऊन घालून तयार. आणि खरं सांगू? मजा यायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या कठडा सोडून चालायला लागल्या होत्या. जमिनीवरसुद्धा फरक पडला, पायातली चप्पल राहायला लागली. आधी डाव्या पायातली चप्पल दर चार पावलांना मागे राहायची, त्यांना कळायचंही नाही.

आणि मग पाणी बिघडलं.

आधी नुसतं गढूळ. पातळ ताकासारखं. काकांचा नियम होता, तळ दिसला पाहिजे. "ज्या पान्याचा तळ दिसत नाय त्यात मी बायको सोडनार नाय." म्हणून काकूंचं चालणं बंद. काकांनी तुरटी आणली. पिंपात फिरवतात तशी मोठाली ढेकळं फडक्यात बांधून बांबूला लावली आणि कडेने फिरून फिरून ढवळलं. सकाळी पाणी एकदम काचेसारखं! काका काय खूश, आळीतल्या लोकांना बोलावून तळ दाखवला. संध्याकाळी काकू उतरल्या, दोन पावलं टाकली आणि तळाला बसलेला सगळा गाळ ढगासारखा वर आला. परत ताक.

मी तोवर मोबाइलवर वाचवाचून पार वेडी झाले होते. जेवताना वाचायचे, बसमध्ये वाचायचे. सापडेल ते सगळं काकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे, मोठमोठे मेसेज. बसलेला गाळ ओढून बाहेर टाकायचा असतो. फिल्टर दिवसभर चालवायचा. वाळू उलट्या पाण्याने धुवायची. ते निळे टिक यायचे फक्त. समोर गेलं की म्हणायचे, "तेच पानी गोल गोल फिरवून काय व्हनार? शिळा भात ढवळला तर ताजा व्हतो का?" आणि मोटर लवकरच बंद करायचे, कारण मोटरच्या घरघरीत त्यांना गावाच्या पाइपातलं पाणी ऐकू यायचं नाही.

मग हिरवं झालं. भिंतींना बोटाने ओढलं तर रेघ उमटायची, असं शेवाळ. काकांनी जुन्या ओळखीने टीसीएल पावडर आणली, गावच्या टाकीत जंतू मारायला टाकतात ती, आणि भर दुपारच्या उन्हात बादल्या ओतल्या. वास असा की माडीवर माझे डोळे चुरचुरायला लागले. हिरवं गेलं, पण चुन्याची निवळी करतात तसं पांढरं पाणी झालं, आणि आठवड्याने त्या पांढऱ्यातून पुन्हा हिरवं वर आलं.

एकदा मात्र मी जिंकले. सुट्टीच्या दिवशी मी चिडूनच म्हटलं, "काका, एक आठवडा माझं ऐका, नाहीतर यापुढे मला ग्लास दाखवायचा नाही." काकू म्हणाल्या, "ऐका. माझं कवा ऐकलं नाय, निदान भाडेकरनीचं तरी ऐका." मग भिंती ब्रशने घासल्या. पावडर ऊन उतरल्यावर आणि मोजून, कारण दुपारचं ऊनच ती खाऊन टाकतं. मोटर दिवसभर. काका कानात कापूस घालून फिरत होते, निषेध म्हणून! पण पाणी निवळलं. तळ दिसला, अगदी फरशांच्या मधल्या सिमेंटच्या रेघा दिसल्या. काकू त्या आठवड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.

मला वाटलं झालं, सुटलं. पण पाऊस लागला. पाऊस म्हणजे तुम्हाला माहीतच आहे आमच्याकडचा, आकाश नुसतं ओतत असतं. त्या पाण्याने पावडर पातळ होते, आंब्याची पानं पडतात, वीज जाते, मोटर बंद. पुन्हा हिरवं. आणि मी थकले होते. कंपनीत ऑर्डरचा हंगाम होता, घरी आलं की ग्लास. काकूपण थकल्या होत्या. खुर्चीत बसून लसूण सोलत त्या हिरव्या पाण्याकडे बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, वरीस सरत आलं गं." पहिलं वर्ष. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं.

ते काकांनीही ऐकलं असणार. कारण श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती पाण्याच्या धबधब्याने. मी माडीवरून बघितलं. काकांनी पंप लावून पूल जवळजवळ रिकामा केला होता. पँट गुडघ्यापर्यंत, हातात खराटा, आत उभं राहून गुलाबी फरश्या घासत होते. गात होते! काकू काठावर खुर्चीत.

मी तशीच धावत खाली. "काका! पावसाळ्यात रिकामा करायचा नसतो! पाठवलं होतं ना मी!"

"अगं, शिळं पानी काडलं. आता आपली इहीर काठोकाठ भरलीय, ताजं सोडतो. मूळच काडून टाकलं रोगाचं."

"बाहेर सगळ्या खाचरांत पाणी उभं आहे काका, ते खालून तळ वर उचलतं."

"लोक इहिरी उपसतात का नाय? इहीर कवा वर आलीय?"

"विहिरीला तळ बांधलेला नसतो!"

ते माझ्याकडे बघायला लागले. आता हे माझं वाक्य ऐकून का आणखी कशाने ते मला सांगता येणार नाही, कारण त्याच वेळी खालून आवाज आला. मोठा नाही. टक. मग दुसऱ्या कोपऱ्यात टक. एक निळी फरशी आपोआप उचलली गेली आणि उताणी पडली. काकांनी खराटा टाकला आणि पायाखाली बघितलं. तळ मधोमध फुगत होता. तव्यावर भाकरी फुगते ना, तसा, सावकाश, अगदी बघता बघता.

"वर या!" काकू ओरडल्या. "अवो, वर या आधी!"

ते पायऱ्यांपाशी पोचले आणि मागे तळ आडवा फाटला. फटीतून मातकट पाणी उसळून वर आलं. थंडगार, शेतातलं, आदल्या आठवडाभराच्या पावसाचं. काका वरच्या पायरीवर उभे राहून बघत होते. त्यांनी सोडलं नव्हतं, बंदही करता येत नव्हतं. चावी फिरवावी तशी हातातल्या हातात मूठ वळवत होते नुसती.

काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "सगळ्या गावाला पानी दिलंत. मला छातीएवडं नाय पुरलं."

एरवी काकूंच्या टोमण्याला काकांचा उलट टोमणा ठरलेला. त्या दिवशी ते ओल्या पायांनी तसेच घरात गेले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतसुद्धा नाहीत, इतके सारखे होते. मी जायचे, यायचे. पायरीवर कुणी नसायचं. ग्लासही नाही. मला वाटायचं की बरं झालं कटकट गेली, आणि मग त्या रिकाम्या पायरीवरून वर जायला जीवच व्हायचा नाही. पुलात खाचरांच्या पातळीइतकं पाणी आपोआप भरलं होतं, त्यात बेडूक. फोन वाजला तर काका उचलायचे नाहीत.

माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीचा भाऊ खालापूरकडच्या एका बंगल्याची राखण करायचा. मालक शनिवार-रविवारचे, बाकी दिवस बंगला आणि पूल दोन्ही रिकामे. मी त्याला विचारलं, त्याने मालकांना फोन करून विचारलं, मालक म्हणाले आजींना येऊ दे की, मधल्या वारी कुणी नसतं. फक्त घरातल्या माणसाने एकदा येऊन राखणदाराला भेटावं. मी नाचतच सांगायला गेले.

"मी नाय जानार," काका म्हणाले.

"अहो काका, फुकट आहे, स्वच्छ आहे..."

"लोक माज्याकडं पानी मागायला यायचे. कळशी घिऊन उभे राहायचे दारात. मी कुनाच्या दारात उभा राहिलेलो नाय."

"मंग आता उभे रावा," काकू आतून. पण ते उठून गेले.

महिना गेला असेल. मी पुन्हा विषय काढला नाही, मला ताकदच नव्हती. एका संध्याकाळी मी गेटमधून आले तर काकू अंगणात तुळशीकडे निघाल्या होत्या, वॉकर धरून. दोन पावलं गेल्या आणि डाव्या पायातली चप्पल मागे राहिली. त्यांना कळलंच नाही. तशाच पुढे, एक पाय चिखलात. काका मागून आले, वाकले, चप्पल उचलली, काकूंच्या पायाशी बसले आणि पायात घातली. काकूंनी पुढचं पाऊल टाकलं. चप्पल पुन्हा मागे.

काकांनी ती पुन्हा घातली. मग तिथे खाली बसूनच, माझ्याकडे न बघता विचारलं, "ए केमिकल. तुजा तो राखणवाला सोमवारी असतो?"

मी सोमवारी रजा टाकली. रिक्षा ठरवली, मागे काकू आणि मी, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला काका, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हात रिकामे. बंगल्याच्या गेटपाशी काका उतरले आणि उभेच राहिले. राखण करणारा दादा आतून बघतोय, काका बाहेरून बघतायत. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला. मग रिक्षातूनच ओरडल्या, "अवो, बोला की! का रिक्षावाल्यानं बोलायचं?"

"बायकोला चालायचंय," काका म्हणाले. "पान्यात. तुमचं पानी..." पुढे त्यांना येईना.

"या की काका, वाट बघत होतो," दादा म्हणाला. मग डोकं खाजवत, "पण काल मोठं पब्लिक होतं, पाणी पार घाण करून गेलेत. आत्ताच औषध टाकून फिल्टर लावलाय. उद्या स्वच्छ होईल. पूल चार फुटी आहे सगळीकडे, भीती नाही, पण आज तळ दिसत नाही बघा."

आम्ही जाऊन बघितलं. निळसर ताक. माझा इतका विरस झाला! रजा गेली, रिक्षा गेली, आणि मला माहीत होतं की हा माणूस दुसऱ्यांदा या गेटपाशी उभा राहणार नाही. काकू वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. पाण्याकडे नाही, काकांकडे बघत होत्या.

काकांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आणि कठडा दोन्ही हातांनी धरून, इस्त्रीच्या पँटसकट, एकेक पायरी खाली उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं. तिथे थांबले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग आणखी एक पायरी. छातीपर्यंत. त्यांनी एक पाय पुढे सरकवला, चाचपला. मग दुसरा. असं करत सबंध कडेने फिरले, पांढरा शर्ट पाण्यावर फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं, पायाने एकेक फरशी तपासत.

मग पायऱ्यांपाशी परत आले.

"हाय तळ," म्हणाले. "सगळीकडं हाय. ये."

"पँट तरी काडायची," काकू म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी आणि दादाने त्यांना पायऱ्यांवरून उतरवलं. खाली काकांनी हात पुढे केले. काकूंनी ते धरले. उजवं पाऊल पडलं असावं, पाण्यामुळे दिसलं नाही. मग बराच वेळ काहीच नाही. काका काकूंच्या तोंडाकडे बघत होते, पाण्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

"अवो," काकू म्हणाल्या, "जरा मागं सरा. मला जागा द्या."

काका एक पाऊल मागे सरले. काकू एक पाऊल पुढे आल्या. आणखी एक मागे. आणखी एक पुढे. काकांना मागे काय आहे ते दिसत नव्हतं आणि भीती तर वाटतच होती, ती चेहऱ्यावर लख्ख होती, पण ते मागे मागे जात राहिले आणि काकू येत राहिल्या.